उन्हाळ्यातली भिंत आणि ओला हात

नागपुरातल्या आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एप्रिल-मे महिन्यात शेणमातीची एक भिंत उभी होती. छातीएवढी उंच, चार हात रुंद, बांबूच्या तट्ट्यावर लिंपलेली. शेजारी तिवईवर पाण्याचा माठ आणि एक मातीची परात. येणाऱ्याने परातीत तळहात बुडवायचा, भिंतीवर टेकवायचा आणि मग आतल्या अंधाऱ्या खोलीत जायचं. तिथे मांजरपाटाच्या पडद्यावर त्याचाच हात गेरूच्या रंगावर पांढरा उमटलेला असायचा. भिंतीपासून खोलीपर्यंत चालत येईतो तो हात थांबलेला असायचा. मग बोटांच्या टोकांपासून हळूहळू विरत जायचा.

हा माझा उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. सोबत इंजिनिअरिंग कॉलेजातला, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा एक मित्र होता. प्रदर्शन संपल्यापासून 'हे केलं कसं' असं बरेच जण विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. करताना जे कळत गेलं ते मला भिंतीइतकंच मोलाचं वाटतं.

भिंतीवरचा हात पडद्यावर आणला तो इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांनी. इन्फ्रारेड म्हटलं की आपल्याकडे लोकांना टीव्हीचा रिमोट आठवतो, नाहीतर रात्री लाल टिकल्यांसारखे चमकणारे सीसीटीव्ही. ते इन्फ्रारेड वेगळं. रिमोटमधला दिवा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश फेकतो. तो आपल्या डोळ्याला दिसत नाही एवढंच, बाकी तो प्रकाशासारखाच वागतो. काचेतून जातो, पुष्कळशा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपका होऊन दिसतोही. आम्हाला हवं होतं ते त्याच्या कितीतरी पलीकडचं, दहापट लांब लहरींचं इन्फ्रारेड. ते कुठलाही दिवा न लावता प्रत्येक वस्तू आपल्या तापमानामुळे आपोआप सोडत असते. माणसाच्या कातडीतून निघणाऱ्या या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) आसपास सर्वाधिक असतो. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून आलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्याच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत जास्त चढला. रंग मोजायला गेलेल्या माणसाला ऊब सापडली, हे मला फार आवडतं.

मूळ कल्पना हिवाळ्यातली होती. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याची. आजीच्या घराच्या मागच्या दोन खोल्या अजून मातीच्या आहेत. पोळ्याला बैलांच्या पाठीवर गेरूचे ठसे उठतात, वास्तुशांतीला दारापाशी हळदकुंकवाचे हात उमटतात. आपल्याकडे हात उमटवणं म्हणजे 'मी इथे होतो, माझं इथे काही आहे' असं सांगणंच. मला असा हात हवा होता, ज्याला रंग लागत नाही. नुसता टेकला की ऊब भिंतीत उतरते आणि थोड्या वेळाने भिंत ती सोडून देते. हा ठसा रोज कुठे ना कुठे उमटतच असतो. बाकावर, पुस्तकावर, दुसऱ्याच्या पाठीवर. आपल्याला तो दिसत नाही एवढंच.

दिसायचा कशाने, तर थर्मल सेन्सरने, म्हणजे हे इन्फ्रारेड टिपून तापमानाचं चित्र देणाऱ्या सेन्सरने. सुरुवातीला आम्ही पॅनासोनिकचा एएमजी८८३३ घेतला. त्याच्या चित्रात आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट चौकटी (पिक्सेल). त्यात माणूस आला-गेला कळतं, पण हात हा हात दिसत नाही. मग खर्च वाटून घेऊन मेलेक्सिसचा एमएलएक्स९०६४० आणला. बत्तीस बाय चोवीस, म्हणजे ७६८ चौकटी. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या तुलनेत हे काहीच नाही, पण प्रत्येक चौकटीत अंशांत मोजलेलं तापमान येतं. तो दोन प्रकारच्या भिंगांत मिळतो. आम्ही अरुंद भिंगाचा घेतला, ५५ बाय ३५ अंशांचा. चाळीस सेंटिमीटरवरून तो साधारण बेचाळीस बाय पंचवीस सेंटिमीटरची जागा पाहतो. म्हणजे एक चौकट सव्वा सेंटिमीटरच्या थोडी वर, जेमतेम एका बोटाएवढी. याहून लांब नेला तर बोटं एकमेकांत मिसळतात आणि हाताचा नुसता गोळा दिसतो. म्हणून दोन सेन्सर शेजारीशेजारी लावले. ज्या क्रमांकाने सेन्सरला हाक मारायची तो दोघांचा पत्ता एकच, ०x३३. ते एकाच तारेवर गोंधळ घालतात. पण सेन्सर ज्याला जोडले त्या ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक चिपमध्ये आय-टू-सीच्या, म्हणजे सेन्सरचे आकडे आणणाऱ्या, दोन स्वतंत्र वाहिन्या असतात, त्यामुळे वेगळा स्विच न लावता काम झालं. भिंतीवर आडवा पट्टा मिळाला, दोन्ही मिळून जवळपास ऐंशी सेंटिमीटरचा. दोन माणसं शेजारी उभी राहून हात टेकवतील एवढा.

भिंत कशाची करायची यावर आम्ही बरेच दिवस घालवले, आणि मला वाटतं प्रकल्पाचा जीव तिथेच होता. लोखंडी पत्र्यावर हात ठेवला तर ऊब क्षणात पसरून जाते, ठसा राहतच नाही. पत्रा चकचकीत असेल तर आणखी वेगळीच गंमत. तो स्वतःची ऊब फार कमी सोडतो आणि समोरच्याची परत फेकतो. म्हणजे सेन्सरला पत्रा दिसत नाही, पत्र्यात तुम्ही दिसता. थर्मोकोलवर ठसा झटकन उमटतो, तेवढाच झटकन जातो, कारण ऊब साठवायला त्यात ऐवजच नाही. सागवानी फळी चांगली निघाली. शेणमाती त्याहून चांगली. कुटार (भुसा) आणि शेणाचे तंतू यांमुळे ऊब बाजूला पसरत नाही आणि मातीमुळे ती लगेच उडूनही जात नाही. डिसेंबरात सकाळी भिंत अठरा-वीस अंशांवर असायची, तळहात एकतीस-बत्तीसवर. दहा सेकंद टेकवला की ठसा दोनेक मिनिटं सहज दिसायचा.

हे मटेरियल पाहायला म्हणून आम्ही सेवाग्रामलाही जाऊन आलो. गांधीजी तिथे १९३६ साली राहायला आले. बापूकुटीत त्यांच्या शिष्या मीराबेनने भिंतीवर मातीच्याच उठावात ताडाची झाडं केली आहेत, वेगळा रंग नाही, वेगळं मटेरियल नाही. भिंतीची माती आणि चित्राची माती एकच. मी त्या झाडांसमोर बराच वेळ उभी होते. चित्र भिंतीवर लावायचं नाही, भिंतीतूनच काढायचं, हे तिथे पक्कं झालं.

तट्टा बुरडांकडून विणून घेतला. लिंपायला आमच्या कॉलेजात सफाईचं काम करणाऱ्या मावशी धावून आल्या. मी इंटरनेटवरून मातीचं प्रमाण लिहून आणलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला, मूठभर काला हातात दाबून पाहिला आणि कुटार अजून लागेल म्हणाल्या. पहिला थर वाळून भेगा पडू द्यायच्या, मग त्या भेगांत दुसरा थर बसवायचा, वर शेणकाला आणि शेवटी पोतेऱ्याने अर्धगोल हात. प्रदर्शनाच्या दिवसांत रोज सकाळी त्याच भिंत सारवायच्या. प्रकल्पाच्या पाटीवर त्यांचं नाव आमच्या नावांच्या बरोबरीने होतं आणि ते तसंच असायला हवं होतं.

फेब्रुवारी सरला आणि ठसे फिके पडायला लागले. मार्चअखेर भिंत तीस-बत्तिसावर गेली आणि एप्रिलमध्ये एका दुपारी मित्राने भिंतीवर हात टेकवला तर पडद्यावर काहीच आलं नाही. सेन्सर शाबूत, तारा शाबूत, प्रोग्राम तोच. भिंत पस्तीस अंश, हवा त्याहून गरम, तळहातही पस्तिसाच्या घरात. त्याचा हात समोर असूनही पडद्यावर नव्हता. सेन्सरला माणूस कळत नाही, त्याला फक्त दोन तापमानांमधला फरक कळतो. फरक संपला की माणूस संपला.

याच कारणाने हालचाल ओळखून दिवे लावणारे ते पांढऱ्या घुमटाचे पीआयआर सेन्सर आपल्याकडे भर उन्हाळ्यात मंदावतात. इंटरनेटवर थर्मल सेन्सरचे जे प्रकल्प सापडतात त्यांत जवळजवळ सगळीकडे धरून चाललेलं असतं की माणूस गरम आणि खोली थंड. बावीस अंशांच्या खोलीत बसून लिहिलेलं आहे ते. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा शेहेचाळीस-सत्तेचाळिसाला टेकतो. तिथे माणूस हीच आसपासची सर्वांत थंड वस्तू असते.

सरांनी दोन मार्ग सुचवले होते. एसीच्या हॉलमध्ये भिंत हलवा, नाहीतर प्रदर्शन सकाळी सातला ठेवा. दोन्ही रास्तच होते. पण नागपुरातल्या उन्हाळ्यात उभ्या असलेल्या मातीच्या भिंतीला एसीत नेऊन बसवायचं हे मला पटेना. भिंत तिथली, ऊन तिथलं. त्या उन्हासकट काही व्हायला हवं होतं.

सुटीला घरी गेले होते तेव्हा संध्याकाळी आजी अंगणात सडा टाकत होती. मी सेन्सर आणि लॅपटॉप सोबतच नेला होता, भिंतीचं दिवसभराचं तापमान नोंदवायला. सड्याचे चार शिंतोडे भिंतीवर उडाले आणि पडद्यावर काळे ठिपके उमटले, इतके स्पष्ट की डिसेंबरातला एकही ठसा तसा नव्हता. मी हात ओला केला, भिंतीवर टेकवला. पाचही बोटं आली. चाळीस अंशांच्या भिंतीवर तीस-एकतीस अंशांचा हात.

कारण उघड होतं. पाणी उडून जाताना भिंतीची उष्णता घेऊन जातं आणि आपल्याकडची मेमधली हवा इतकी कोरडी की ते झपाट्याने उडतं. वाळ्याचे पडदे, कूलर, माठ, सगळं त्याच्यावरच चाललंय. विदर्भाने उन्हाळा काढला तो याच्या जोरावर. ज्या उन्हाने आमचा ऊबदार हात पुसून टाकला, त्याच उन्हाने हा गार हात दिला. आजीला पडदा दाखवला. ती आधी म्हणाली, "काहून बाई, भितीले हात लावाले मशीन लागते काय?" मग स्वतःचा ओला हात लावला, तो विरेपर्यंत पाहिला आणि पुन्हा लावला.

तिथून सगळी मांडणी बदलली. ऊबदार ठसा दोन मिनिटांत जायचा, ओला ठसा पाच-सात मिनिटं टिकायला लागला. म्हणजे भिंत एकीकडे आणि पडदा दुसरीकडे ठेवता येत होता. आधी आम्ही चित्र भिंतीवरच टाकायचं ठरवलं होतं. त्यात एक अडचण होतीच. प्रोजेक्टरचा प्रकाशही भिंतीला थोडा तापवतो, अंशभर का होईना. सेन्सरला तो तापलेला भाग दिसतो आणि पडद्यावर तोच पुन्हा येतो. आता व्हरांड्यात भिंत, आत अंधारात चित्र. हात लावणारा एक आणि पाहणारा दुसरा, असंही व्हायला लागलं. आत बसलेल्या माणसाला बाहेर कोण आहे माहीत नसायचं, फक्त हात येत राहायचे.

प्रोग्राममध्ये खरी डोकेफोड एकाच जागी झाली. भिंतीचं तापमान दिवसभर चढत-उतरत असतं, त्यामुळे नुसतं तापमान दाखवून चालत नाही. प्रत्येक चौकटीची 'रिकामी भिंत' लक्षात ठेवायची आणि त्यातून आत्ताचं तापमान वजा करायचं. ती रिकामी भिंत म्हणजे मागच्या काही वेळाची सरकती सरासरी. सरासरी घाईने बदलली तर ती ठशालाच भिंत समजते आणि हात मिनिटभरात गिळून टाकते. फार सावकाश बदलली तर दुपारचं चढतं ऊन सगळ्या पडद्यावर डाग होऊन पसरतं. भिंतीने किती वेळात विसरायचं, असा तो प्रश्न होता. शेवटी अर्ध्या तासाची सरासरी धरली आणि जिथे फरक पाऊण अंशाच्या वर आहे तिथल्या चौकटींची सरासरी तेवढ्यापुरती थांबवली. हात आहे तोवर भिंत स्वतःबद्दल मत बदलत नाही. तो गेला की पुन्हा शिकायला लागते.

करून पाहणाऱ्यांसाठी काही गोष्टी. एमएलएक्स९०६४० सुरू केल्यावर चार-पाच मिनिटं त्याचे आकडे स्थिरावत नाहीत, तोवर भरवसा ठेवू नका. तो बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक चौकटी वाचतो, त्यामुळे हलणाऱ्या हाताच्या कडा चौकड्याच्या दिसतात. स्थिर ठशाला त्याचा त्रास नाही. वेग वाढवला की आकड्यांत थरथर वाढते. आम्ही सेकंदाला चारवर ठेवला. विरणाऱ्या गोष्टीला याहून जास्त लागत नाही. धुळीपासून वाचवायला काच किंवा ॲक्रिलिक लावू नका. या लहरींना दोन्ही भिंतीसारखीच, काचेतून सेन्सरला फक्त काचेचं तापमान दिसतं. पातळ पॉलिथिन मात्र चालतं. काळ्या कचऱ्याच्या पिशवीतून कॅमेऱ्याला काही दिसत नाही, या सेन्सरला दिसतं. पीआयआरचा पांढरा घुमट पॉलिथिनचाच असतो तो म्हणूनच. पाण्यासाठी आईचं पितळी घंगाळ न्यायचा मोह झाला होता, पण घासलेलं पितळ कडेला जरी सेन्सरच्या नजरेत आलं तरी येणाऱ्या-जाणाऱ्याची ऊब त्यात चमकते. मातीची परात शांत असते.

रंगांबद्दलही सांगायला हवं. थर्मल चित्र म्हटलं की निळा-हिरवा-पिवळा-लाल असा जत्रेचा पट्टा सगळे लावतात. मला तो इथे अजिबात नको होता. त्या रंगांत हात हा तपासणीचा अहवाल वाटतो. तापलेलं ते गेरू आणि गार ते पांढऱ्या मातीचं, मधल्या सगळ्या छटा या दोघांमधल्याच. आजी अजून दिवाळीआधी ज्या मातीने भिंती पोतारते ती माती स्कॅन करून त्यातून पांढरा घेतला.

व्हरांडा उत्तरेकडचा निवडला, थेट ऊन भिंतीवर येऊ नये म्हणून. तरी संध्याकाळी कडुलिंबाच्या फांद्यांतून थोडा वेळ तिरपं ऊन यायचंच. तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. उन्हात पानांच्या सावल्या भिंतीवर पडायच्या आणि सूर्य ढगाआड गेला तरी त्या सावल्या पडद्यावर राहायच्या. जिथे सावली होती तिथली भिंत कमी तापलेली. डोळ्याला सगळीकडे सारखीच भिंत, पडद्यावर मात्र गेलेली सावली. ती वेळ चुकली म्हणून बरेच जण पुन्हा दुसऱ्या दिवशी पाच वाजता आले.

लोक काय करतील याचे आमचे अंदाज लोकांनी बाजूला सारले. मुलांनी हात सोडून कोपर, कपाळ, नाक सगळं टेकवलं. आत आणि बाहेर अशी वाटणी करून खेळ रचले. तळहाताची मधली खोलगट जागा भिंतीला टेकत नाही, त्यामुळे प्रत्येक ठशात मध्ये एक तापलेलं बेट राहायचं आणि प्रत्येकाचं वेगळं. मावशींच्या तळहातात ते जवळजवळ नव्हतंच, त्यांचा हात भिंतीला सगळाच्या सगळा टेकायचा. बोटं आधी वाळतात, अंगठ्याखालचा उंचवटा सर्वांत शेवटी. एक बाई आपल्या लहानग्याचा हात लावून आत धावत गेल्या आणि तो पूर्ण जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. फोटो काढा म्हटलं तर नको म्हणाल्या.

परीक्षकांपैकी एकांनी विचारलं की हे जतन कसं करणार. ठसे साठवून मोठी छापील प्रत करता येईल, असं त्यांनी सुचवलं. आकडे आमच्याकडे येत होते, साठवता आले असते. आम्ही ते साठवले नाहीत. प्रोग्राम एका वेळी फक्त सरासरी भिंत लक्षात ठेवतो, हात कोणाचेच नाही. तळहात म्हणजे माणसाची ओळख असते आणि ती कोणी विश्वासाने भिंतीवर ठेवली तर ती विरण्याची हमी देणं हे आमचं काम आहे, असं मला वाटतं. हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

भिंत आता व्हरांड्यातून हलली आहे. माती आम्ही मोडून भिजत घातली, तट्टा जपून ठेवला. जूनमध्ये पावसाची हवा आली की हा प्रकार नागपुरातही नीट चालणार नाही. दमट हवेत पाणी उडत नाही, ओला हात नुसता ओला राहतो, गार होत नाही. रत्नागिरीची एक मैत्रीण तिकडे जांभ्याच्या चिऱ्यावर करून पाहणार म्हणते. मी तिला हिवाळ्यातल्या उबेच्या ठशाचा प्रोग्राम पाठवला आहे आणि सांगितलंय की आधी चिऱ्याचं आणि तळहाताचं तापमान दिवसातून चारदा नोंदव, मग ठरव. जांभा सच्छिद्र असतो, पाणी आत ओढून घेतो. तिथे ठसा किती टिकतो ते तिने कळवलं की इथे लिहीन. तोवर कोणाला आमचा प्रोग्राम आणि जोडणीचं चित्र हवं असेल तर मागा, दोन्ही तयार आहेत. मातीचं प्रमाण मात्र मावशींच्या मुठीतच आहे.